रंगपेटी : हंपीचा दगड काळा कसा झाला?

(कोल्हापुरातले एक निवृत्त चित्रकला शिक्षक या सदरात वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देतात.)

प्रश्न : बँकेतून निवृत्त झाल्यावर जलरंग शिकले. यंदा हंपी आणि जैसलमेर पाहून आले. मोबाइलमध्ये नऊशे फोटो आहेत. त्यांवरून चित्रं काढते, पण देवळं कोळशासारखी काळी होतात आणि सगळं कॅलेंडरवरच्या चित्रासारखं दिसतं. चुकतंय कुठं?
— एक वाचक भगिनी, गडहिंग्लज

उत्तर : ताई, तुम्ही पाठवलेलं विठ्ठल मंदिरातल्या दगडी रथाचं चित्र मी खिडकीत टेकवून ठेवलं आणि चहा होईपर्यंत बघत बसलो. रेखाटन चांगलं आहे, चाकं तर झकास. घोळ रंगात आहे. तुम्ही हंपीला जाताना आपल्याकडचा दगड सोबत घेऊन गेलात.

आपल्या डोळ्याला देऊळ म्हटलं की काळा पाषाण दिसतो. अंबाबाईचं देऊळ, पंचगंगेचा घाट, न्यू पॅलेस, जन्मभर हेच बघितलेलं. हंपीत ग्रॅनाइट आहे. सकाळच्या उन्हात तो तांबूस, कुठं गुलाबट, कुठं राखेसारखा. जैसलमेरचा वालुकाश्म तर हळदीच्या अंगाचा, आणि त्याच्या सावलीत वरचं निळं आभाळ उतरतं, म्हणून ती सावली जांभळट दिसते. तुम्ही तिथंही काळी ट्यूब पिळलीत.

खरं तर आपला दगडही काळा नसतो. काळ्या ट्यूबचं झाकण वर्षभर उघडू नका. अल्ट्रामरीन ब्लू आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) दाट कालवा, हवा तेवढा काळोख मिळेल. निळा जास्त पडला तर पावसात भिजलेला घाट, सिएना जास्त पडला तर एप्रिलमधला तापलेला घाट. हे दोन रंग ताटलीत पूर्ण घोटू नका. अर्धवट मिसळलेले कागदावर सोडा, दगडाचा खडबडीतपणा आपोआप येतो.

आता फोटोंचं. मोबाइल ऊन सांभाळायला गेला की सावली काळीठिक्कर करतो. आपला डोळा त्याच सावलीत खांबावरची नक्षी, कोपऱ्यातली पणती, सगळं बघत असतो. ते फोटोत आलंच नाही तर चित्रात कुठून येणार? म्हणून जागेवर दहा मिनिटं बसा. तळहाताएवढी वही पुरे. चार रेघा मारा आणि रंगांची नावं लिहा, पण घरातली नावं. माझ्या वहीत ‘गुळाची ढेप’, ‘शेंगदाण्याचं टरफल’, ‘चुलीतली ओली राख’ असं लिहिलेलं असतं. आमच्या सौ.ना वाटलं, किराण्याची यादी आहे. दोन वर्षांनी वही उघडली तरी ‘गुळाची ढेप’ वाचलं की तो रंग समोर उभा राहतो. ‘तपकिरी’ वाचून काहीही उभं राहत नाही. ऊन कुठल्या बाजूला होतं आणि किती वाजले होते, हेही लिहा.

फोटो चित्र बिघडवतो असं मात्र समजू नका. माझं सगळ्यांत फसलेलं चित्र जागेवर बसूनच काढलेलं आहे. खिद्रापूरला कोपेश्वराच्या स्वर्गमंडपात गेलो होतो. वर छताला गोल मोकळं आभाळ, खाली जमिनीवर तशीच गोल शिळा, भोवती खांब. मी स्टुलावर बसून दोन्ही गोल एकसारखे चपटे काढले, वर त्यांना टोकं काढली, पापडी मोडावी तशी. घरी आल्यावर मंडप माझ्या अंगावर कोसळतोय असं वाटायला लागलं. तीन तासांची मेहनत आणि सत्तर किलोमीटरचं पेट्रोल! डोळ्याच्या रेषेजवळचा, म्हणजे आपल्या डोळ्याच्या उंचीजवळचा, गोल जास्त चपटा दिसतो, रेषेपासून लांबचा तो उघडत जातो. खालची शिळा माझ्या डोळ्यापासून जेमतेम साडेतीन फूट खाली होती, छत कितीतरी वर. म्हणजे वरचा गोल जास्त उघडा हवा होता. आणि तिरपा दिसणारा गोल कधीच टोकदार नसतो, कडेला तो वळतो. मुलांना तीस वर्षं हेच शिकवलं, आणि आभाळाकडं बघत बसल्यावर स्वतःच विसरलो.

कॅलेंडरचं कारण सोपं आहे. तुम्ही भर दुपारी, समोरासमोर उभं राहून, अख्खी इमारत घेतलीत. नऊशे फोटोंतले असे दहा निवडा की जिथं तुमचा पाय आपणहून थांबला होता. बाकीचे भाचरांना दाखवायला ठेवा.

पुढच्या प्रवासाआधी एकदा कोल्हापूरला या. टाउन हॉलच्या संग्रहालयात आबालाल रहिमानांची चित्रं बघा आणि तिथून थेट रंकाळ्यावर संध्यामठासमोर जाऊन बसा. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेला, शाहू महाराजांच्या पदरी असलेला हा चित्रकार रंकाळा पुन्हा पुन्हा काढत राहिला. पाणी तेच, मठ तोच, वेळ तेवढी वेगळी.

प्रश्न : सर, मी दहावीत आहे. चित्रकलेची इंटरमिजिएट परीक्षा झालीय. फोटोवरून न्यू पॅलेस काढतो तेव्हा घड्याळाचा टॉवर मागं पडतोय असं दिसतं.
— एक विद्यार्थी, कसबा बावडा

उत्तर : बाळा, तू गेटजवळ उभा राहून मोबाइल वर करून फोटो काढलास. मोबाइल कलला की उभ्या रेघा वर जाऊन एकमेकींकडं झुकतात. लांब जा, मोबाइल सरळ धर, किंवा काढताना उभ्या रेघा कागदाच्या कडेला समांतर कर. टॉवरच्या समोर दिसणाऱ्या बाजू सारख्या रुंदीच्या काढू नकोस, कडेच्या अरुंद होतात. घड्याळ सगळ्यांत शेवटी. तू ते आधी काढलंस, हे खोडलेल्या जागेवरून कळतंय.

प्रश्न : इंटरनेटवरच्या फोटोवरून काढलेलं देवळाचं चित्र विकलं तर चालेल का?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : इमारतीचं चित्र काढायला आपल्या कॉपीराइट कायद्यात मोकळीक आहे. फोटो मात्र ज्यानं काढला त्याचा, तो हयात असेपर्यंत आणि त्याच्यामागं आणखी 60 वर्षं. सरावाला घरी काढा, विकायचं असेल तर त्याला विचारा. नाहीतर सरळ एसटी पकडून स्वतः जाऊन या, जेवणाचा डबा घ्या.