हीटर प्लगच्या जादा बटणावरून नाकारलेला विमादावा

प्रश्न : मी निफाड तालुक्यातील द्राक्ष बागायतदार आहे. थंडीत पहाटे माझी जुनी डिझेल पिकअप सुरू होत नसे. इंजिन सुरू होण्याआधी त्याच्या आतली हवा तापवणारे हीटर प्लग चालू-बंद करणारा टायमर खराब झाल्याने नाशिकच्या गॅरेजमधून त्या प्लगसाठी डॅशबोर्डवर पुश बटण बसवून घेतले. पुढे ओझरजवळ धावत्या गाडीच्या बॉनेटमधून धूर निघून इंजिनाचा भाग जळाला. ‘अनधिकृत विद्युत फेरफार’ असे कारण देऊन विमा कंपनीने दावा फेटाळला आहे. आरटीओचीही कारवाई होईल का?

उत्तर : आरटीओची धास्ती आपण बाळगू नये. मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 52 मध्ये ‘फेरफार’ म्हणजे वाहनाच्या रचनेत केलेला असा बदल, की ज्यामुळे त्याचे मूळ वैशिष्ट्यच बदलते. हीटर प्लग गाडीत मुळातच होते. आपण फक्त ते चालू करण्याची सोय बदललीत आणि आरसी बुकातील एकही नोंद त्यामुळे खोटी ठरत नाही. कलम 182अ(4) मधील दंडाची तरतूद नियमबाह्य फेरफारासाठी आहे आणि माझ्या मते ती येथे लागू होत नाही.

विम्याचे प्रकरण मात्र इतके सरळ नाही. सर्वसमावेशक पॉलिसीत आगीचे संरक्षण असते. ज्याचा विमा उतरवलेला नाही अशा जादा विद्युत उपकरणाची किंमत कंपनी देणार नाही, परंतु एवढ्यावरून संपूर्ण गाडीचा दावा बाद होत नाही. अपवादाच्या कलमाचा आधार घेणाऱ्या कंपनीनेच तो अपवाद सिद्ध करायचा असतो, हे सर्वोच्च न्यायालयाने ईशर दास मदन लाल प्रकरणात (2007) स्पष्ट केले आहे. म्हणजे बटण होते एवढे दाखवून भागणार नाही. आग त्या बटणाच्या वायरिंगमुळेच लागली, हे कंपनीला दाखवावे लागेल.

आपली बाजू येथेच टिकेल किंवा पडेल. चार हीटर प्लग एकाच वेळी चाळीस अँपिअरच्या घरात प्रवाह ओढतात आणि डॅशबोर्डवरचे साधे बटण तो भार पेलू शकत नाही. म्हणून जाणकार मेकॅनिक बटणातून केवळ रिले (लहान प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच) चालवतो आणि मुख्य जाड वायर फ्यूजमधून रिलेमार्फत प्लगपर्यंत नेतो. तसे काम झाले असेल, तर बटण न दाबता धावणाऱ्या गाडीत प्लगकडे जाणाऱ्या वायरीत प्रवाहच नसतो, हा आपला भक्कम मुद्दा ठरेल. उलट बॅटरीपासून थेट वायर, मध्ये फ्यूज नाही आणि पत्र्याच्या छिद्रातून ती रबरी बुशाशिवाय आत घेतलेली, असे असेल, तर ती वायर बटण न दाबताही सदैव जिवंत राहते; इन्सुलेशन घासले गेले की शॉर्टसर्किट होणारच, आणि गाडीची वाजवी काळजी घेण्याची अट मोडली असे कंपनी म्हणेल. तरीही सर्वोच्च न्यायालयाच्या अमलेंदु साहू प्रकरणाच्या (2010) धर्तीवर नॉन-स्टँडर्ड तत्त्वाने, म्हणजे अट मोडली तरी दाव्याचा काही भाग मंजूर करण्याच्या पद्धतीने, अंशतः भरपाई मागण्याचा मार्ग मोकळा राहतो.

त्यामुळे जळालेली वायर, रिले, फ्यूज होल्डर यांतले काहीही काढू नका आणि गाडी भंगारात देण्याची घाई करू नका. नुकसानीची पाहणी करणाऱ्या सर्व्हेअरच्या अहवालाची प्रत कंपनीकडून लेखी मागवून आगीचा उगम त्यात कोठे दाखवला आहे ते पाहावे, आणि ऑटो इलेक्ट्रिकल अभियंत्याकडून स्वतंत्र तपासणी करून छायाचित्रांसह त्याचे शपथपत्र घ्यावे. गॅरेजवाले बहुधा कच्च्या चिठ्ठीवर काम करतात. आपल्या मेकॅनिकनेही कोणती वायर, कोणता फ्यूज टाकला याचे प्रतिज्ञापत्र दिल्यास मोठा फरक पडेल.

विमाधारकांच्या तक्रारी ऐकणाऱ्या विमा लोकपालाकडे नकारापासून एका वर्षात जाता येते, परंतु आपल्या प्रकरणात तज्ज्ञाचा पुरावा निर्णायक असल्याने नाशिक जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग मला अधिक योग्य वाटतो. तेथे मुदत दोन वर्षांची असून आपण राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. ‘पिकअप व्यापारी वापराची, म्हणून आपण ग्राहक नाही’ हा बचाव घेतला गेल्यास विमा नफ्यासाठी नव्हे तर नुकसानभरपाईसाठी घेतला जातो, असे सांगणारा सर्वोच्च न्यायालयाचा हरसोलिया मोटर्स प्रकरणाचा (2023) निर्णय आपल्या बाजूने वापरता येईल. तक्रारीसोबत पॉलिसी, नकारपत्र, अग्निशमन दलाचा दाखला किंवा पंचनामा आणि गॅरेजची पावती जोडावी.