‘आनंद माना’ की ‘आनंदी राहा’?

कोल्हापुरातल्या एका ताईंनी विचारलं आहे. त्यांच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, संडे स्कूलच्या मुलांसाठी फळ्यावर बायबलमधल्या याकोबाच्या पत्रातलं वचन लिहायचं आहे. नाना प्रकारच्या परीक्षांना तोंड द्यावं लागतं तेव्हा आनंदच माना, असा त्याचा आशय. ताईंचं म्हणणं असं की ‘आनंद होतो’, ‘आनंद वाटतो’ हे आपण बोलतो, पण ‘आनंद मानणे’ पुस्तकी वाटतं आणि थोडं खोटंही. मनात नाही ते मानायचं कसं? त्यापेक्षा ‘आनंदी राहा’ लिहिलं तर चालेल का?

माझं मत स्पष्ट आहे, बदलू नका.

आधी ‘पुस्तकी’चं बघू. आपण आभार मानतो, उपकार मानतो, हार मानतो. ‘वाईट मानू नका’ म्हणतो. पाहुण्यांना वाढताना ‘काही कमी-जास्त झालं असेल तर गोड मानून घ्या’ हे तर ठरलेलंच. खासबागेच्या कुस्ती मैदानात एखाद्यानं चपळाईनं डाव टाकला की ‘मानलं गड्या!’ अशी आरोळी उठते. हे क्रियापद आपल्या तोंडातलंच आहे. फक्त आनंदाबरोबर ते रोज येत नाही, म्हणून कानाला अडखळतं.

खरी गंमत व्याकरणात आहे. ‘मला आनंद वाटला’, ‘तिला वाईट वाटलं’, ‘त्याला रडू आलं’ ही वाक्यं पाहा. ज्याच्या मनात हे घडतं तो इथे ‘ला’ लावून उभा आहे. भावना येते आणि तो ती झेलतो. आता ‘तिनं समाधान मानलं’ घ्या. इथे ‘ला’ गेला आणि ‘नं’ आला. ती कर्ती झाली. वाटणं आपल्यावर येऊन पडतं, मानणं आपण करतो. मराठीला हा फरक फार बारकाईनं कळतो. ‘मनाला लागलं’ आणि ‘मनाला लावून घेतलं’, ‘वाईट वाटलं’ आणि ‘वाईट वाटून घेतलं’ या जोड्यांमध्येही तोच फरक आहे. म्हणूनच घरातली मोठी माणसं ‘लावून घेऊ नकोस’ असं सांगतात. ‘लागू देऊ नकोस’ म्हणून उपयोग नसतो, कारण लागणं आपल्या हातात नाही.

आता मूळ ग्रीक वाक्याकडे या. तिथलं क्रियापद भावनेचं नाही, विचार करून ठरवण्याचं आहे: गणना करणं, लेखणं, मानणं. प्रेषित पौल फिलिप्पै इथल्या मंडळीला लिहितो की जे मला लाभाचं होतं ते मी तोटा मानलं, तिथे हेच क्रियापद आहे. एकमेकांना आपल्यापेक्षा श्रेष्ठ माना, तिथेही हेच. पौलाच्या याच पत्रात पुढे ‘प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा’ येतं, पण तिथलं क्रियापद वेगळं, थेट आनंद करण्याचं. मराठी भाषांतरांनी हा ‘करा’ आणि ‘माना’ यांतला भेद जपला आहे. ‘आनंदी राहा’ लिहिलंत तर तो पुसला जाईल, आणि मुलांपर्यंत जाईल ती एका मनःस्थितीची सक्ती.

त्याच वाक्यातलं दुसरं क्रियापद तर मला अधिकच मोलाचं वाटतं. परीक्षांना ‘तोंड द्यावं लागणं’ असं आपण वाचतो, पण ग्रीक शब्दाचा अर्थ आहे अवचित मध्ये सापडणं. लूकच्या शुभवर्तमानात यरुशलेमहून यरीहोला जाणारा माणूस लुटारूंच्या हाती सापडतो, तिथे हाच शब्द आहे. त्या माणसानं लुटारू निवडले नव्हते. आपणही म्हणतो, पुरात सापडलो. म्हणजे याकोबाच्या एका वाक्यात दोन क्रिया शेजारी बसल्या आहेत: सापडणं, ज्यात निवड नाही, आणि मानणं, ज्यात आहे.

ऑगस्ट २०१९ मध्ये राजाराम बंधाऱ्यावरची ४३ फुटांची धोका पातळी ओलांडून पंचगंगा कितीतरी वर चढली, तेव्हा ‘सापडणं’ म्हणजे काय ते या शहराला कुणी शिकवायची गरज उरली नाही. पाणी ओसरल्यावर मंडळीतल्या एका मावशींच्या घरी आम्ही काही जण गाळ काढायला गेलो. पिंपातले जोंधळे फुगून आंबलेले, त्यांचा वास दारापर्यंत. मावशी खराट्यानं भिंत खरवडत होत्या, न बोलता. लग्नाचा अल्बम सापडला तेव्हा मात्र, पानं एकमेकांना चिकटलेली आणि चेहरे विरघळलेले बघून, त्या ढसाढसा रडल्या. सगळं उरकल्यावर ओल्या फरशीवर उभं राहूनच प्रार्थना झाली. त्यात त्या म्हणाल्या, ‘प्रभू, मला रडू येतंय. पण तू हाईस, ह्यात मी आनंद मानते.’

‘मला रडू येतंय’ आणि ‘मी आनंद मानते’. एकाच दमात ‘मला’ही आणि ‘मी’ही. रडू थांबल्यावर मग मानणं, असा क्रम त्यांनी लावला नाही. ताईंच्या ‘खोटं वाटतं’ या शंकेला याहून चांगलं उत्तर माझ्याकडे नाही.

तरी शंकेचं मूळ मला कळतं. ‘मानला तर देव, नाही तर दगड’ ही म्हण आपल्या कानात असते, आणि गणितात ‘क्ष ही संख्या मानू’ म्हणतो तेव्हा नसलेलं धरून चालतो. पण उपकार मानतो तेव्हा? उपकार आधी झालेला असतो, आपण तो ओळखून स्वीकारतो. याकोबाचं मानणं या जातीचं आहे, कारण तो लगेच कारण देतो: तुम्हांला ठाऊक आहे की विश्वासाची पारख झाल्यानं धीर उत्पन्न होतो. ‘पारख’ हा शब्द धातूच्या कसाच्या जवळचा आहे. गुजरीत सराफ काळ्या कसोटीवर दागिना घासतो, तेव्हा दगड सोनं तयार करत नाही, आहे ते दाखवतो. ख्रिस्ती माणूस संकटात आनंद मानतो तो अशा जाणिवेवर. संकट चांगलं आहे, असं तो म्हणत नाही. ‘परीक्षांचा आनंद माना’ असं वचनात नाहीच, तिथे ‘तेव्हा’ आहे. आपला मित्र लाजर याच्या कबरेजवळ येशू स्वतः रडला, हे विसरून या वचनाचा अर्थ लावता येणार नाही.

एक गोष्ट मात्र कळकळीनं सांगतो. हे क्रियापद प्रथमपुरुषी शोभतं. ‘मी मानते’ ही साक्ष आहे, पण दवाखान्याच्या व्हरांड्यात बसलेल्या आईला ‘आनंद मान’ म्हणणं निर्दयपणा आहे. आपल्याकडे सुनांना, विधवांना ‘मानून घे, नशीब समज’ असं ऐकवून किती अन्याय झाकले गेले! याकोब ‘माझ्या बंधूंनो’ म्हणून सगळ्या मंडळीला लिहितो, एकट्या रडणाऱ्याला बाजूला घेऊन तो हे सुनावत नाही. दुसऱ्याच्या दुःखासाठी पौलानं रोमकरांना वेगळीच आज्ञा दिली आहे: शोक करणाऱ्यांबरोबर शोक करा.

तेव्हा ताई, फळ्यावर ‘आनंदच माना’ असंच राहू द्या. त्यातला ‘च’सुद्धा गाळू नका, मुळात ‘सगळा आनंद’ असा जोर आहे. मुलांना समजावताना ‘मला वाटतं’ आणि ‘मी मानतो’ अशी दोन-दोन वाक्यं त्यांच्याकडूनच करून घ्या, ती पटकन करतील. खुलासा करायचाच तर ‘परीक्षा’ शब्दाचा करा, नाही तर सहामाही जवळ आलेली पोरं हे वचन गणिताच्या पेपरासाठी पाठ करतील.