डॉक्टर नसताना आंतरधर्मीय वैद्यकीय शिबिरात जाऊन मी काय करणार?

तुमचा प्रश्न असा : तीन-चार धर्मांच्या संस्था मिळून आठवडाभराचं वैद्यकीय शिबिर घेणार आहेत, तुम्ही डॉक्टर-नर्स नाही, तर तिथे तुमचा उपयोग काय, आणि त्यातून तुमच्या श्रद्धेला काही मिळेल का. शिबिर बहुतेक वेळा डॉक्टरांपाशी अडत नाही, नोंदणीच्या आणि औषधांच्या टेबलापाशी अडतं, आणि तिथे तुमच्यासारखीच माणसं लागतात. श्रद्धेचा प्रश्नही माझ्या मते त्याच टेबलांवर सुटतो किंवा फसतो, म्हणून आधी कामाचं बोलतो.

होकार देण्याआधी आयोजकांना विचारा : आपण परतल्यावर या रुग्णांना कोण बघणार? रक्तदाबाच्या किंवा मधुमेहाच्या गोळ्या बहुधा कायम घ्याव्या लागतात. पंधरा दिवसांच्या गोळ्या हातावर ठेवून निघून जाणं हा उपचार नव्हे. जवळच्या दवाखान्याशी आधीच बोलणं झालेलं असावं आणि त्याचं नाव केसपेपरवर छापलेलं असावं. औषधांची मुदतही विचारा. दान दिलेल्या औषधाची पोचताना किमान एक वर्ष मुदत शिल्लक असावी, असं जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. कपाटं साफ करून आलेली खोकी सरळ नाकारावीत. उत्तरं गुळमुळीत आली तर जाऊ नका.

हेपटायटिस बीची (रक्तातून पसरणाऱ्या काविळीची) लस घेतलेली नसेल तर लगेच सुरू करा. नेहमीचे तीन डोस ०, १ आणि ६ महिन्यांनी असतात, म्हणजे तयारी अर्ध्या वर्षाची. सुयांना आणि सुयांच्या डब्याला हात लावायचा नाही. तरीही टोचलीच तर जागा साबणाने वाहत्या पाण्याखाली धुवा, पिळू नका, आणि तत्क्षणी डॉक्टरांना सांगा. एचआयव्ही टाळण्याची औषधं ७२ तासांच्या आत, आणि जितकी लवकर तितकी चांगली.

जागा शक्यतो शाळा किंवा सार्वजनिक सभागृह असावी. प्रार्थनास्थळात शिबिर भरवलं की दुसऱ्या धर्माचे काही लोक येतच नाहीत, आणि पाळी असलेल्या काही बायका स्वतःच्या धर्माच्या जागेतही येत नाहीत. ही माणसं न आल्याचं कुणाच्या लक्षातही येत नाही. तारखा ठरवताना सगळ्यांची कॅलेंडरं समोर ठेवा : शुक्रवारची दुपार, शनिवार, रविवारची सकाळ, रमजान, मोठे उपवास.

टोकनांचं गणित साधं आहे. एक डॉक्टर सहा तास बसला आणि रुग्णामागे सात मिनिटं धरली तर पन्नास रुग्ण होतात. दीडशे टोकनं वाटली तर प्रत्येकाच्या वाट्याला अडीच मिनिटंही येत नाहीत आणि संध्याकाळी रांगेत भांडणं होतात. पंचेचाळीसच द्या, उरलेल्यांना सकाळीच उद्याचा नंबर द्या.

तुम्हाला बहुधा डिजिटल यंत्रावर बीपी मोजायला बसवतील. मोजणं सोपं वाटतं, चुका मात्र ढीगभर होतात. रुग्णाला पाच मिनिटं शांत बसवा. पाठ टेकलेली, पावलं जमिनीवर, पाय एकमेकांवर नाहीत, दंड टेकवलेला आणि हृदयाच्या उंचीवर. मोजताना तुम्हीही बोलायचं नाही, त्यांनाही बोलू द्यायचं नाही. पट्टा दंडाला लहान पडला तर आकडा खोटा वाढतो. जाड दंडासाठी मोठा पट्टा हवाच. घट्ट बाही वर गुंडाळली तर तीच दंड आवळते, म्हणून बाई मोजणारी आणि मध्ये पडदा असला की हात मोकळा करता येतो. एक मिनिटाने पुन्हा मोजा, दोन्ही आकडे लिहा. दंडावर ताईत किंवा गंडा असेल तर विचारून वर सरकवा. कापायचा नाही, आणि तोंड वाकडं करायचं नाही. पगडी, कडं, हिजाब यांनाही हाच नियम : आधी विचारायचं, मग हात लावायचा.

औषधांच्या टेबलावर धर्म खऱ्या अर्थाने समोर येतो. कॅप्सूलचं कवच बहुधा जिलेटिनचं, म्हणजे गाय-बैलाच्या किंवा डुकराच्या हाडा-कातड्यापासून बनलेलं असतं. हे कळल्यावर मुसलमान, जैन, शाकाहारी हिंदू अशा कितीतरी जणांची कॅप्सूल घरी जाऊन कचऱ्यात पडते, आणि ते तुम्हाला सांगत नाहीत. तेच औषध गोळीत मिळत असेल तर खरेदीच्या वेळीच गोळी मागवा. खोकल्याच्या काही औषधांत अल्कोहोल असतं, तेही लेबल वाचून वेगळं ठेवा.

उपवासाचा प्रश्न डॉक्टरांकडे जाण्याआधी विचारायचा : ‘पुढच्या महिन्यात रोजे, उपवास, तप काही आहे का?’ उत्तर केसपेपरवर मोठ्या अक्षरात लिहा. ग्लिमेपिराइडसारखी मधुमेहाची गोळी घेऊन दिवसभर उपाशी राहिलं तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. मेटफॉर्मिन या मधुमेहाच्याच दुसऱ्या गोळीत हा धोका बराच कमी. वेळ आणि मात्रा डॉक्टर बदलतील; उपवास करा किंवा सोडा हे तुम्ही सांगायचं नाही. रक्तातली साखर डेसिलिटरमागे ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली तर मात्र थांबून राहायचं नाही, लगेच काहीतरी गोड घ्यायचं, एवढं डॉक्टरांकडून प्रत्येकाला सांगितलं जाईल याची खात्री करा. साखर तपासायला बोट टोचल्याने रोजा मोडेल ही भीती बरेच जण बाळगतात. मोडत नाही असं अनेक धर्मशास्त्री मानतात, पण हे हिंदू किंवा ख्रिस्ती स्वयंसेवकाने समजावू नये, मुसलमान सहकाऱ्याला बोलवावं. मिश्र गट नेमका इथे कामाला येतो, फोटोपुरता नव्हे.

गोळ्या देताना ‘समजलं का?’ विचारू नका, सगळे हो म्हणतात. ‘घरी गेल्यावर कशा घेणार, मला सांगा’ म्हणा. दुभाषी म्हणून रुग्णाच्या मुलांना किंवा नातेवाइकांना बसवू नका. सासूसमोर सून पांढऱ्या पाण्याबद्दल बोलणार नाही.

आता प्रार्थना. गटाची प्रार्थना रुग्ण यायच्या आधी, वेगळ्या खोलीत, ज्याला हवं त्याने यावं अशी. रांगेतल्या माणसापुढे नाही, कारण ज्याला औषध हवंय तो ‘नको’ म्हणू शकत नाही, आणि त्याच्या होकाराला म्हणूनच अर्थ नाही. मदत कुठल्याही धार्मिक वा राजकीय भूमिकेच्या प्रसारासाठी वापरायची नाही, हे रेडक्रॉस चळवळ आणि स्वयंसेवी संस्थांच्या १९९४ च्या आचारसंहितेतही आहे. रुग्णाने स्वतःहून ‘माझ्यासाठी प्रार्थना करा’ म्हटलं तर दोन मिनिटं शांत बसा, शब्द त्याचे असू द्या. ‘देवाची मर्जी’ म्हणणाऱ्याशी वाद घालू नका, ‘मग गोळ्या चालू ठेवणार ना?’ एवढंच विचारा. आजार म्हणजे परीक्षा किंवा कर्माचं फळ, हे मात्र तुमच्या तोंडून कधीच येऊ नये.

रात्रीची चिंतनाची बैठक आठ-दहा जणांची, चाळीस मिनिटांची ठेवा. प्रत्येकाला दोन-तीन मिनिटं, मध्ये कुणी बोलायचं नाही, रुग्णाचं नाव घ्यायचं नाही. एक प्रश्न पुरतो : आज माझ्या श्रद्धेने मला काय करायला लावलं, आणि काय करताना अडवलं? दुसरा अर्धा भाग टाळला की बैठकीचं प्रवचन होतं. ‘शेवटी सगळे धर्म एकच’ हे वाक्य पहिल्या रात्रीच आलं तर बैठक तिथेच संपते, कारण मग तुमच्या सहकाऱ्याला जे खरोखर पटत नाही ते तो बोलत नाही. श्रद्धा डळमळली असं कुणी म्हटलं तर समजूत घालायला धावू नका, ऐका. नास्तिक सहकाऱ्यालाही तितकीच मिनिटं द्या.

परतल्यावर महिन्याभराने आयोजकांकडे मागा : दवाखान्याची चिठ्ठी दिलेल्यांपैकी किती जण प्रत्यक्ष तिथे पोचले? यादी त्यांच्याकडे नसेल, तर पुढच्या वेळी ती ठेवण्याचं काम तुम्ही मागून घ्या.