मार्क्सवादी मोझांबिकने वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेशी करार का केला? आणि ब्रिटिश वसाहत नसताना तो राष्ट्रकुलात कसा?

दोन्ही प्रश्नांचं उत्तर मला नकाशात दिसतं. मी डाळीच्या व्यापारात आहे. बैरा आणि नकाला बंदरांतून येणाऱ्या तुरीमुळे या देशाबद्दल वाचायला लागलो, त्यामुळे माझी नजर आधी बंदरांवर आणि रेल्वेवर जाते हे मान्य.

पोर्तुगिजांनी तिथे रूळ टाकले ते शेजाऱ्यांचा माल समुद्रापर्यंत आणायला. बैराची लाइन ऱ्होडेशियाला (आजचं झिंबाब्वे, तेव्हा गोऱ्या अल्पसंख्याकांच्या राजवटीत) जायची, लॉरेन्सो मार्किसची (आजचं मापुटो) दक्षिण आफ्रिकेच्या ट्रान्सव्हाल प्रांताला. देशाच्या उत्तर-दक्षिण भागांना जोडणारी एकही रेल्वे नव्हती. शिवाय दक्षिणेतले तरुण पिढ्यानपिढ्या जोहान्सबर्गच्या सोन्याच्या खाणींत जायचे. २५ जून १९७५ ला स्वातंत्र्य मिळालं तेव्हा फ्रेलिमोच्या, म्हणजे स्वातंत्र्यलढा चालवणाऱ्या मार्क्सवादी पक्षाच्या, हाती असा देश आला, ज्याची कमाई शत्रूच्या मालावर आणि शत्रूच्या खाणींवर चालत होती. त्यात बहुतेक पोर्तुगीज देश सोडून गेलेले.

तरीही मार्च १९७६ मध्ये राष्ट्राध्यक्ष समोरा माशेल यांनी ऱ्होडेशियाची सीमा बंद केली. ऱ्होडेशियावरचे संयुक्त राष्ट्रांचे निर्बंध सगळ्यांनाच लागू होते, पण ते पाळण्याची एवढी किंमत फार थोड्यांनी मोजली. बैराचं उत्पन्न आटलं. ऱ्होडेशियाच्या गुप्तचर खात्याने रेनामो ही बंडखोर संघटना उभी केली, आणि १९८० मध्ये झिंबाब्वे स्वतंत्र झाल्यावर दक्षिण आफ्रिकेच्या लष्कराने ती दत्तक घेतली. रेनामोने शाळा आणि दवाखाने जाळले, रूळ उखडले, काहोरा बासा धरणाच्या वीजवाहिन्यांचे मनोरे पाडले. ही वीज दक्षिण आफ्रिकेलाच जायची, हा त्यातला विनोद. फ्रेलिमोच्या चुकाही होत्या: गावकऱ्यांना सामूहिक वस्त्यांत ढकलणं, पारंपरिक मुखियांना बाजूला सारणं. त्या रागावर रेनामोला देशातही पाय रोवता आले.

मग सोव्हिएत मित्र कुठे होते? १९७७ मध्ये मैत्री करार झाला, शस्त्रं आली. पण १९८१ मध्ये मोझांबिकने पूर्व युरोपच्या आर्थिक गटाचं, कोमेकॉनचं, सदस्यत्व मागितलं तेव्हा नकार मिळाला. पाठोपाठ दुष्काळ पडला. उपाशी लोकांना रणगाडे दाखवून काय उपयोग? माझ्या मते करार याच नकारानंतर अटळ झाला.

१६ मार्च १९८४ ला कोमाती नदीकाठी माशेल आणि दक्षिण आफ्रिकेचे पंतप्रधान पी. डब्ल्यू. बोथा यांनी सह्या केल्या. मोझांबिकने वर्णद्वेषाविरुद्ध लढणाऱ्या आफ्रिकन नॅशनल काँग्रेसच्या सशस्त्र लढ्याला थारा द्यायचा नाही, दक्षिण आफ्रिकेने रेनामोला मदत करायची नाही, असा सौदा. माशेल यांनी आपली बाजू पाळली आणि जुन्या मित्रांचे शिव्याशाप घेतले. बोथांच्या लष्कराने पाळली नाही. १९८५ मध्ये गोरोंगोसातला रेनामोचा तळ काबीज झाला, तिथे सापडलेल्या डायऱ्यांत चालू असलेल्या मदतीच्या नोंदी होत्या. माशेल यांच्या या कराराला काही जण विचारसरणीशी गद्दारी म्हणतात. मला तसं वाटत नाही. कमजोर बाजूने केलेला तह होता, आणि समोरच्याला तो पाळायला लावणारा तिसरा कुणी नव्हता.

१९ ऑक्टोबर १९८६ ला झांबियाहून परतताना माशेल यांचं विमान दक्षिण आफ्रिकेच्या हद्दीत, म्बुझिनीला कोसळलं. दक्षिण आफ्रिकेच्या चौकशीने वैमानिकांना दोषी धरलं, तर सोव्हिएत तज्ज्ञांनी खोट्या रेडिओ संकेताचा संशय घेतला. वाद आजही मिटलेला नाही. त्याच विमानात त्यांचे सल्लागार आकिनो द ब्रागांसा होते, मूळचे गोव्याच्या बार्देशातले. १९८२ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या वर्णद्वेषविरोधी कार्यकर्त्या रूथ फर्स्ट यांचा जीव घेणाऱ्या टपाल-बॉम्बच्या स्फोटातून ते वाचले होते. गोव्यात तरी त्यांचं नाव जास्त माहीत असायला हवं होतं.

पुढचं थोडक्यात: माशेल यांच्या जागी जोआकिम शिसानो राष्ट्राध्यक्ष झाले, १९८९ मध्ये फ्रेलिमोने मार्क्सवाद-लेनिनवाद सोडला, ४ ऑक्टोबर १९९२ ला रोममध्ये रेनामोशी शांतता करार झाला, १९९४ मध्ये बहुपक्षीय निवडणुका झाल्या.

आता राष्ट्रकुल. टांझानिया, मलावी, झांबिया, झिंबाब्वे, स्वाझिलँड (आजचं एस्वातिनी) आणि दक्षिण आफ्रिका हे मोझांबिकचे सहाही शेजारी. १९९४ मध्ये दक्षिण आफ्रिका परतल्यावर ते सगळे राष्ट्रकुलात होते. ऱ्होडेशियाविरुद्ध सोसलेल्या नुकसानीची जाणीवही होती, आणि मंडेलांचा पाठिंबा. नोव्हेंबर १९९५ मध्ये ऑकलंडच्या परिषदेत मोझांबिकला विशेष बाब म्हणून प्रवेश मिळाला. त्याच परिषदेत नायजेरिया निलंबित झाला. इतरांनी या दाखल्यावरून रांग लावू नये म्हणून १९९७ मध्ये नियम ठरवले गेले, तरी २००९ मध्ये रवांडा आत आलाच. मोझांबिक एवढ्यावर थांबला नाही. १९९४ पासून तो इस्लामी सहकार्य संघटनेत आहे, आणि १९९६ मध्ये पोर्तुगीजभाषक देशांच्या समुदायाचा संस्थापक सदस्यही झाला.