प्लेटलेटचा आकडा आणि नळीचा रंग

प्रश्न : आईच्या सीबीसीत (रक्तपेशींच्या मोजणीत) प्लेटलेट ४२,००० आल्या. ताप नाही, हिरड्यांतून रक्त नाही, अंगावर लाल ठिपके नाहीत. तरी ऑपरेशन पुढे ढकलले. काय करावे? (पंचवटी)

उत्तर : आकडा एवढा खाली आणि माणूस ठणठणीत, तर संशय आधी नळीवर घ्यावा. सीबीसीचे रक्त जांभळ्या टोपणाच्या नळीत घेतात. रक्त गोठू नये म्हणून तीत ईडीटीए असते, ते कॅल्शियम धरून ठेवते. काहींच्या रक्तात त्यामुळे प्लेटलेटवरच्या एका प्रथिनाचे रूप बदलते, प्रतिपिंडे त्याला चिकटतात आणि प्लेटलेटचे पुंजके होतात. यंत्राला पुंजका प्लेटलेट वाटतच नाही. कधी तो पांढऱ्या पेशींत धरला जातो. नळी पडून राहिली की पुंजके वाढतात. सकाळी दिंडोरीत काढलेले रक्त दुपारी नाशिकच्या यंत्रावर गेले, की आकडा आणखी घसरतो. शरीरात काहीच बिघडलेले नसते.

एकाच वेळी एक जांभळी आणि एक फिक्या निळ्या टोपणाची, सायट्रेटची नळी भरून घ्या. निळीत ०.३ मिली सायट्रेट असेल तर रक्त २.७ मिली, अगदी खुणेपर्यंत. सायट्रेट द्रव असते, त्याने रक्त पातळ होते, म्हणून आलेल्या आकड्याला १.१ने गुणायचे : १,७०,००० आले तर खरे १,८७,०००. नेमके हेच गुणणे राहून जाते. सोबत स्लाइड (काचेवर पसरलेला रक्ताचा थर) मागा आणि तिच्या शेपटीकडची, थर संपतो ती कड पाहायला सांगा. पुंजके तिथे सरकलेले असतात. सायट्रेटमध्येही क्वचित पुंजके होतात, मग बोटाला टोचून थेट स्लाइड करावी. रक्त रेंगाळत काढले किंवा जांभळी नळी आठ-दहा वेळा हलकेच उलटवली नाही, तरी हेच होते. खात्री झाली की फाइलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, नाहीतर आयटीपी (शरीर आपल्याच प्लेटलेट नष्ट करते तो आजार) समजून कोणी स्टिरॉइड सुरू करेल. पपईच्या पानांचा रस इथे कामाचा नाही.

प्रश्न : मुलगी एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षाला आहे. रक्ताचे कर्करोग आणि प्लेटलेटचे आजार यांत संशोधन करायचे म्हणते. वाट कशी? (नाशिकरोड)

उत्तर : इंटर्नशिपसह एमबीबीएस साडेपाच वर्षे, एमडी मेडिसिन किंवा बालरोग तीन, मग नीट-एसएस ही प्रवेशपरीक्षा आणि डीएम क्लिनिकल हिमॅटॉलॉजी (रक्तविकार) आणखी तीन. मायक्रोस्कोपच जास्त आवडत असेल तर एमडी पॅथॉलॉजी. खरा कस प्रश्न निवडण्यात लागतो. इसेन्शियल थ्रॉम्बोसायथेमिया घ्या : प्लेटलेट ४.५ लाखांच्या वर, आणि हा संथ का असेना, रक्ताचा कर्करोगच. जॅक-२ जनुकातला बदल २००५मध्ये सापडला, तो निम्म्याहून थोड्या अधिक रुग्णांत. उरलेल्यांपैकी बहुतेकांचा उलगडा २०१३मध्ये कॅलरेटिक्युलिन या दुसऱ्या जनुकातल्या बदलाने झाला. तरी काहींत ओळखीचा कुठलाच बदल मिळत नाही. प्रबंधासाठी असाच अरुंद कोपरा धरावा. मात्र जनुकांकडे धावण्याआधी फेरिटिन (शरीरातल्या लोहसाठ्याचा आकडा) बघायला शिकावे. लोह कमी पडले तरी प्लेटलेट वाढतात. आणि त्या दहा लाखांवर गेल्या की उलट रक्तस्राव होऊ शकतो, कारण रक्त थांबवायला मदत करणाऱ्या व्हॉन विलेब्रँड घटकाचे मोठे रेणू त्यांच्यामुळे घटतात. तेव्हा न तपासता दिलेली ॲस्पिरिन अंगाशी येते.

नमुन्यांचे गणित पहिल्या दिवशीच मांडावे. डीएनएसाठीची जांभळी नळी थंड पेटीतून मुंबईला जाऊ शकते. प्लेटलेटच्या कार्याची तपासणी मात्र रक्त काढल्यापासून चार तासांत, फ्रिजमध्ये न ठेवता उरकावी लागते. कसारा घाटात गाडी अडकली की नमुना वाया. त्यासाठी रुग्णालाच मुंबईत परळच्या प्रयोगशाळेत न्यावे लागते आणि त्याचा प्रवासखर्च प्रस्तावात आधीच धरावा लागतो.