तारा 'जुना' की 'म्हातारा'?

दारव्ह्याकडच्या एका शिक्षिकेचा प्रश्न आहे. शाळेच्या फलकावर त्यांनी लिहिलं, 'जुन्या महाकाय ताऱ्याभोवती महाकाय ग्रह दिसला'. मुख्याध्यापकांनी 'जुन्या' खोडून 'वृद्ध' केलं आणि पोरं वाचताना 'बुढा तारा' म्हणाली. बरोबर कोण?

ताई, पोरं. 'जुना' म्हटलं की किती वर्षं झाली एवढंच कळतं. 'म्हातारा' म्हटलं की अवस्था कळते. कवेलू जुनी होतात, बैल बुढा होतो. ताऱ्यांच्या बाबतीत तर हा फरक पाळावाच लागतो. पुनर्वसू नक्षत्रातला पोलक्स घ्या. त्याचं वय सूर्याच्या निम्म्याहूनही कमी आहे, म्हणजे जुना सूर्यच. तरी म्हातारा पोलक्स! तो सूर्याच्या जवळपास दुप्पट वजनाचा, आणि जड तारा गाभ्यातला हायड्रोजन भराभर जाळून मोकळा होतो. मग तो फुगतो; पोलक्सचा व्यास आज सूर्याच्या सुमारे नऊ पट आहे. (आणि पुनर्वसूच्या पावसाला आपले शेतकरी म्हणतात 'तरणा'!) या ताऱ्याभोवती गुरूच्या दुपटीहून जड ग्रह फिरतो, हे २००६ साली जाहीर झालं. त्याची एक फेरी सुमारे ५९० दिवसांची.

'वृद्ध' चूक नाही, जरा सभेतला वाटतो इतकंच. 'बुढा' मात्र पेपरात लिहू देऊ नका. 'माहा बुढा वावरात गेला' यातला बुढा म्हणजे बाप, हे पुण्याच्या तपासनिसाला कसं कळावं?

'महाकाय' एकाच वाक्यात दोनदा नको. फुगलेल्या ताऱ्यासाठी 'राक्षसी तारा' हा शब्द मराठीत रुळलेला आहे, तो ताऱ्याला ठेवा आणि 'महाकाय' ग्रहाला.

माझी खरी हरकत 'दिसला'वर आहे. असे ग्रह बहुधा दिसत नाहीत. ग्रहाच्या ओढीनं तारा किंचित मागेपुढे हलतो आणि त्याच्या वर्णपटातल्या, म्हणजे प्रकाशाच्या रंगपट्ट्यातल्या, काळ्या रेषा सरकतात, त्यावरून ग्रह ओळखतात. इथं ताऱ्याचं म्हातारपण कामी येतं. जड तारा तरणा असताना तापलेला असतो, गरागरा फिरतो. त्याच्या रेषा थोड्या आणि पसरट, त्यामुळे सरकणं मोजता येत नाही. उतारवयात तो थंडावतो, फिरणं मंदावतं, रेषा बारीक आणि ठळक होतात. म्हणून 'सापडला' लिहा.

तेही जपूनच, कारण म्हाताऱ्या ताऱ्याचा पृष्ठभाग स्वतःही धडधडत असतो. कालेय तारकासमूहातल्या गॅमा ड्रॅकोनिस या अशाच ताऱ्याच्या २००३ ते २०११ च्या नोंदींत रेषांच्या सरकण्याला अगदी ग्रहामुळे असावी तशी लय दिसली होती. पुढं काही काळ ती लयच गायब झाली. अशा ठिकाणी फलकावर 'ग्रह असावा' एवढंच पुरे.