शेजारचे राजे

बाबू,

तुझा मेसेज तेव्हाच वाचलेला, पण चवथीच्या माटोळीत (गणपतीवर फळं-पानं बांधतात ती) अडकलो ते राहूनच गेलं. मराठे आणि पोर्तुगीज यांच्या संबंधांवर लिहायचंय म्हणतोस, लिही की, पण तुझी यादी बघितली तर नुसत्या लढाया, १६६७ला बारदेश, १६८३ला फोंडा आणि जुवें बेट, १७३९ला वसई. अरे मधली वर्षं काय हे एकमेकांकडे पाठ करून बसलेले?

पणजीला पुराभिलेखात एका दफ्तराचं नावच 'रेइस विझिन्युश' आहे, म्हणजे शेजारचे राजे. शत्रू नाही हां, शेजारी. इतिहासकार पांडुरंग पिसुर्लेकरांनी जन्म घातला असल्या कागदांत, तू तिथूनच सुरू कर.

१६६७चंच बघ. लखम सावंत, केशव नाईक हे देसाई, म्हणजे तिथले वतनदार, पोर्तुगीज हद्दीत आसरा घ्यायचे नि तिथून इकडे खोड्या काढायचे, म्हणून नोव्हेंबरात शिवाजी महाराज बारदेशात उतरले, आणि डिसेंबरात तह पण झाला! पोर्तुगीजांच्या बाजूने बोलणी करायला कोण, तर रामजी शेणवी कोठारी, आपल्यातलाच. पुढे पुण्यात पेशव्यांकडे पोर्तुगीजांचा वकील नारायण शेणवी धुमे. पत्रं मोडीत यायची, दुभाषी त्यांचं पोर्तुगीज करायचा, आणि मला विचारशील तर निम्मं राजकारण त्या दुभाष्याच्या बोरूतच होतं. म्हणून मोडी शीक, पोर्तुगीजही वाचण्यापुरती तरी शीक. मी आळस केला, दहा वर्षं इंग्रजी भाषांतरांवर काढली, नंतर मूळ कागद बघितल्यावर माझे दोन लेख मलाच वाचवेनात.

एकेक शब्द किती महाग पडतो बघ. १७७९च्या तहात पेशव्यांनी पोर्तुगीजांना १२,००० रुपये उत्पन्नाची गावं द्यायचं कबूल केलं, तीच पुढे दादरा नगर हवेली. जवळजवळ दोनशे वर्षांनी, १९६०ला, पोर्तुगाल आणि भारताच्या खटल्यात हेगच्या आंतरराष्ट्रीय कोर्टात तोच कागद उघडला, मराठ्यांनी मुलूख दिला की फक्त महसूल? कोर्ट म्हणालं, महसूलच, जहागीर सरंजाम म्हणतात तसा. वसईच्या लढाईवर पानं भरणारे याला एक ओळ देतात, मला राग येतो.

येत्या रविवारी दिवाडी बेटावरून फेरीबोटीने नार्व्याला जाऊ. तेव्हा हीच नदी हद्द होती, पोर्तुगीजांनी अलीकडच्या काठावरचं देऊळ मोडलं तर देव पलीकडे नेला. सप्तकोटेश्वराचं देऊळ महाराजांनी १६६८ला परत बांधायला लावलं, म्हणजे तहाला वर्ष व्हायच्या आत, शिलालेख आहे तिथे. तो तू वाचायचास, मी चष्मा आणणार नाही.

तुझा,
सर